प्रश्न विचारणारे मूल

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त पालक व शिक्षक ह्यांच्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी परमेश्वराचे आभार मानावयास आपण एकत्र जमलो आहोत. मिळालेल्या देणगीचा सदुपयोग करणे हा आभार मानण्याचा उत्तम प्रकार होय. आपल्या कुटुंबांनी ह्या वर्षी जो महोत्सव निधी जमविला, त्यातून सायंकाळच्या अभ्यासिकेसाठी एक स्मार्ट बोर्ड घ्यावा अशी सूचना पुढे आली आहे. सूचना सद्हेतूने केलेली आहे व तिचा विचार लवकरच व्हावयाचा आहे. अभ्यासिकेत येणारी बहुतेक मुले सहावी, सातवी व आठवी ह्या इयत्तांतील असून त्यांत इतर धर्मांच्या कुटुंबांतील मुलेही आहेत. तेव्हा ह्या मुलांना विज्ञान कसे शिकवावे, ह्याविषयी चार शब्द आपणांपुढे मांडावे असे आम्हांस वाटते.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. विज्ञानाचा धडा मुलाच्या प्रश्नापासून व मुलाच्या हातापासून सुरू व्हावा आणि यंत्राने त्या प्रश्नाची चाकरी करावी. यंत्र आधी आले आणि प्रश्नाला मागाहून येण्यास सांगितले, तर प्रश्न बहुधा येतच नाही.

हा विषय आपल्या गावाच्या जिव्हाळ्याचा आहे. घणसोलीची जुनी माणसे भातशेती, मीठ व खाडीची मासळी ह्यांवर जगली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईसाठी जमिनी संपादन झाल्या आणि शेते गेली. आज गावठाणाच्या चहूबाजूंस उंच इमारती व संगणकाच्या कामाची मोठमोठी कार्यालये उभी आहेत. ज्यांच्या आजोबांनी शेत नांगरले, त्या मुलांचे शेत आता शिक्षण हेच आहे. त्या कार्यालयांच्या फाटकावर पहारा करण्याचे काम प्रामाणिक आहे व त्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु आत बसून नवीन काही घडविण्याची वाटही आपल्या मुलांना मोकळी असावी, ही इच्छा प्रत्येक आईबापाची आहे. ती वाट पाठांतराने मोकळी होत नाही. पाठ केलेले उत्तर परीक्षेच्या दिवशी उपयोगी पडते. ज्याचे उत्तर कोणी छापून ठेवलेले नाही असा प्रश्न समोर आला, म्हणजे ते थिटे पडते.

आता वयाचा विचार करू. सातवीतील मूल साधारण बारा वर्षांचे असते. आमच्या प्रभूच्या बालपणाविषयी शुभवर्तमानांत फार थोडे लिहिले आहे. परंतु बाराव्या वर्षीचा एक प्रसंग संत लूक ह्याने आवर्जून नोंदविला. वल्हांडण सणानंतर बाल येशू यरुशलेमेच्या मंदिरात मागे राहिला, आणि पवित्र मरिया व संत योसेफ ह्यांना तो तीन दिवसांनी सापडला, तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता व त्यांना प्रश्न विचारीत होता. ऐकणे आणि विचारणे ही दोन्ही त्या एका चित्रात आहेत. आपल्या वर्गांतून बारा वर्षांच्या मुलास ऐकावयास पुष्कळ सांगितले जाते. विचारण्याची पाळी मात्र त्यास क्वचितच मिळते. चौथीपर्यंत जे मूल दिवसाला पन्नास गोष्टी विचारीत होते, तेच आठवीत पोहोचेपर्यंत 'हे परीक्षेत येईल काय?' एवढाच प्रश्न विचारू लागते. ह्या तीन इयत्तांत काहीतरी हरवते, व ते हरवू नये म्हणून आपण काही करावयास हवे.

एक साधा प्रयोग घ्या. विजेरीचा एक लहान बल्ब, दीड व्होल्टचा एक सेल आणि तांब्याच्या तारेचा एकच तुकडा मुलाच्या हाती द्यावा व म्हणावे, 'हा बल्ब लावून दाखव.' बहुतेक मुले सेलच्या एका टोकापासून तार नेऊन बल्बाच्या बुडाला लावतात. बल्ब लागत नाही. मग ती तार फिरवितात, सेल उलटा करतात, शेजाऱ्याकडे पाहतात, कपाळाला आठ्या घालतात. केव्हातरी एखाद्या मुलीच्या ध्यानात येते की बल्बाला स्पर्श करण्याच्या जागा दोन आहेत, एक बुडाचे टोक व दुसरी बाजूची धातूची कडा. आणि वीज एका जागेने शिरून दुसऱ्या जागेने परत सेलकडे गेली तरच बल्ब पेटतो. तिने हे शोधून काढले, ते ती म्हातारपणापर्यंत विसरणार नाही. हाच धडा पडद्यावर दोन मिनिटांत दाखविता येतो. निळी रेघ सेलमधून निघते, गोल फिरते, बल्ब चमकतो, व सगळा वर्ग 'समजले' म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गाच्या हाती सेल व तार देऊन पाहा, म्हणजे किती समजले होते ते कळेल. (घरातील भिंतीच्या विजेशी मात्र असा खेळ कधीही करू नये, हे मुलांना प्रथमच बजावून ठेवावे.)

ह्या पद्धतीत तीन पायऱ्या आहेत. प्रथम मुलाने अंदाज सांगावा व तो वहीत लिहावा. मग प्रयोग करून जे घडेल ते नीट पाहावे. शेवटी अंदाज व घटना ह्यांत अंतर पडले असल्यास त्याचे कारण शोधावे. पहिली पायरी पुष्कळदा गाळली जाते, आणि वस्तुतः तीच सर्वांत महत्त्वाची आहे. कारण अंदाज लिहिला म्हणजे मुलाच्या मनात आधीपासून बसलेली समजूत उजेडात येते. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असे अनेक मुलांना व पुष्कळ मोठ्या माणसांनाही वाटते. शिक्षकाने खरे कारण कितीही वेळा सांगितले, तरी ती समजूत न विचारल्यामुळे तशीच राहते. अंधाऱ्या खोलीत एक दिवा ठेवावा, मुलाच्या हाती चेंडू द्यावा, हात लांब करून चेंडू डोक्यापेक्षा थोडा उंच धरून त्याला स्वतःभोवती फिरावयास सांगावे. चेंडूच्या उजळलेल्या भागाच्या कला तो आपल्या डोळ्यांनी पाहील, आणि त्या कलांचा त्याच्या डोक्याच्या सावलीशी काही संबंध नाही हेही पाहील.

हे काही परदेशातून आणलेले नवे खूळ नव्हे. आपल्या बालभारतीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकांत 'करून पहा' असे शब्द जागोजाग छापलेले आहेत. दुःखाची गोष्ट एवढीच, की अनेक ठिकाणी 'करून पहा' हे मोठ्याने वाचून दाखविले जाते आणि पान उलटले जाते. ह्याचा दोष केवळ शिक्षकांवर ठेवणे अन्यायाचे होईल. वर्ग मोठे आहेत, साहित्य नाही, अभ्यासक्रम पुरा करावयाचा आहे, व पालक गुणांखेरीज दुसरे काही विचारीत नाहीत. नेमक्या ह्याच ठिकाणी धर्मग्रामाची अभ्यासिका शाळेला हातभार लावू शकते.

आता आपल्या दाराशी असलेल्या प्रयोगशाळेकडे वळू. ठाण्याच्या खाडीत दिवसातून दोनदा भरती येते व दोनदा ओहोटी होते. आपल्या आगरी-कोळी बांधवांच्या घरी एक जुना हिशेब चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. उधाण केव्हा व भांग केव्हा, हेही त्यांना कॅलेंडर न पाहता सांगता येते. सातवीच्या मुलांनी हा हिशेब आजोबांकडून लिहून घ्यावा व तो तपासून पाहावा. एका बांबूवर ठरावीक अंतराने रंगाच्या खुणा कराव्या, तो जाणत्या माणसाकडून सुरक्षित जागी रोववून घ्यावा, व मोठ्यांच्या सोबतीने एक पंधरवडा पाण्याची उंची व वेळ वहीत टिपावी. चिखलात एकट्याने कोणीही उतरू नये.

ह्यातून काय निघेल? भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, हे मुले स्वतः काढतील. ज्या वेळी आज भरती आहे त्याच वेळी आठवड्याने जवळजवळ ओहोटी असते, हेही त्यांना दिसेल. नंतर एखादे चौकस मूल हिशेबातच एक अडचण दाखवील. पौर्णिमा ही पंधरावी तिथी. तिची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. तिची पाऊणपट म्हणजे पाऊण, अर्थात बारा वाजून पंचेचाळीस मिनिटे. एका दिवसात दीड तासाची उडी! खाडीचे पाणी तर अशी उडी मारीत नाही. मग आजोबांचा हिशेब खोटा काय? खोटा नव्हे, होडी केव्हा लोटावी हे ठरविण्यास तो पुरेसा खरा आहे, आणि तोंडी करता येण्याइतका सोपा आहे. तिथीमागे पंचेचाळीस मिनिटे धरली तर थोडी कमी पडतात, व ती उणीव पंधरा दिवस साठत जाऊन शेवटी एकदम भरून निघते. नियम कोठपर्यंत खरा व कोठून अपुरा, हे जाणणे म्हणजेच विज्ञान. आणि हे शिकताना मुलाच्या मनातील आजोबांविषयीचा आदर कमी न होता वाढतो.

ह्यानंतर मोबाईल हाती घ्यावा. मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीचे कोष्टक त्यावर मिळते. ज्या मुलाने पंधरा दिवस स्वतः वेळा टिपल्या आहेत, ते मूल त्या कोष्टकास प्रश्न विचारील: बंदरातील वेळ व आपल्या खाडीतील वेळ ह्यांत फरक का पडतो? पाणी येथवर चढून येण्यास वेळ लागतो काय? संगणकावर आपल्या नोंदींचा आलेख काढावा. मग चंद्र, सूर्य व पृथ्वी ह्यांचे फिरते चित्र मोठ्या पडद्यावर पाहावे. ह्या क्रमाने गेल्यास यंत्र मुलाचा सोबती होते. उलट क्रमाने गेल्यास, बारा वर्षांच्या बुद्धीला करण्याजोगे काहीच उरत नाही.

यंत्राविषयी आमच्या मनात आकस नाही, हे येथे स्पष्ट करतो. डोळ्यांस न दिसणारे दाखविणे, पुष्कळ नोंदी जतन करणे, अवघड गणित क्षणात करणे व दूरच्या माणसांशी गाठ घालून देणे, ही त्याची चार कामे अमोल आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वीमन ह्यांनी २००२ साली 'फेट' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यातील विज्ञानाचे खेळ विनामूल्य मिळतात व त्यांतील अनेक मराठीतही आहेत. त्यांत मूल स्वतः तारा जोडू शकते व काय होते ते पाहू शकते. आपल्या महाराष्ट्रात, सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून ती जिवंत केली. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि पुरस्काराच्या रकमेचा अर्धा भाग त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिला. यंत्रापेक्षा शिक्षक मोठा असतो, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण कोणते? परंतु २०२० व २०२१ ह्या वर्षांतील टाळेबंदीचा काळही आपण विसरलेलो नाही. शाळा बंद होत्या, घरात एकच मोबाईल, आणि तोही वडील कामावर गेले की त्यांच्याबरोबर जाई. पडदा एकटा शाळा चालवू शकत नाही, हे त्या दिवसांनी आपणांस शिकविले.

शोधातून शिक्षण देण्याचे प्रयत्न आपल्या देशात अर्धशतकाहून अधिक काळ होत आले आहेत. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा माध्यमिकपूर्व शाळांतून सहावी ते आठवीच्या मुलांसाठी असा कार्यक्रम सुरू झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनीही त्यास साह्य केले. स्वस्त साहित्याची पेटी, गटागटाने प्रयोग, आणि परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा, अशी त्याची रीत होती. 'सवालीराम' ह्या नावाने मुले आपले प्रश्न पत्राने पाठवीत व त्यांना उत्तरे मिळत. ह्याच कार्यक्रमाच्या सहवासात श्री. अरविंद गुप्ता ह्यांनी आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी ह्यांपासून खेळणी तयार केली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांनी टाकाऊ वस्तूंची विज्ञान खेळणी देशभर पोहोचविली. आणि खाडीच्या पलीकडे, मानखुर्द येथे, १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. मुले विज्ञान कसे समजतात ह्याचाच अभ्यास करणारी ती संस्था आपल्या इतक्या जवळ आहे.

होशंगाबादचा कार्यक्रम तीस वर्षे चालला, आणि २००२ साली तेथील शासनाने तो बंद केला. आम्ही त्यातून एवढाच बोध घेतो, की असे काम शास्त्रज्ञांच्या व शिक्षकांच्या उत्साहावर उभे राहते. परंतु टिकते ते पालकांना ते हवेसे वाटले तरच. म्हणून हे भाषण आम्ही मुलांपुढे न करता आपणांपुढे करीत आहोत.

आपणांपैकी काहींच्या मनात एक भीती असेल, व ती दडवून ठेवण्याचे कारण नाही. मूल प्रत्येक गोष्टीस 'कशावरून?' म्हणू लागले, तर उद्या ते श्रद्धेलाही तसेच विचारील. बंधुभगिनींनो, विचारू द्या. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याच्या शेवटी प्रभूने निवाडा स्वतः सांगितला नाही; प्रश्न करून तो शास्त्र्याच्याच तोंडून वदविला. संत थोमाने जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे म्हटले, तेव्हा प्रभूने त्यास हाकलून दिले नाही, जखमा दाखविल्या. १६३३ साली गॅलिलिओस दोषी ठरविण्यात आले, ही ख्रिस्तसभेच्या इतिहासातील दुःखाची गोष्ट आहे, आणि १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्या प्रकरणी घडलेली चूक जाहीरपणे मान्य केली. त्याच ख्रिस्तसभेचे एक धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल ह्यांनी ब्रुनो शहरातील मठाच्या बागेत वर्षानुवर्षे वाटाण्याची रोपे वाढविली, दाणे मोजले, आणि १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाने आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया घातला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघी फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव ह्यांनी सह्याद्रीतील वनस्पतींचा आयुष्यभर अभ्यास केला व पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची धुरा वाहिली. ह्या धर्मगुरूंची प्रार्थना प्रयोगाने मलूल झाली नाही. सत्य हे परमेश्वराचे आहे. ते शोधणाऱ्याला त्याच्या घराबाहेर जावे लागत नाही. शिवाय शोधक बुद्धीचा विकास करणे हे आपल्या संविधानाने १९७६ पासून प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे; तेव्हा चांगला ख्रिस्ती व चांगला नागरिक ह्यांचा मार्ग येथे एकच आहे.

भाषेविषयीही एक शब्द. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली छापलेले 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले, कारण लोकांच्या मनाचे दार लोकांच्या भाषेनेच उघडते हे त्यांनी ओळखले होते. आपले मूल कोणत्याही माध्यमाच्या शाळेत जात असो; प्रश्न विचारताना त्यास घरची बोली वापरू द्यावी. 'बाष्पीभवन' हा शब्द न येणारे मूलही मिठागरात पाणी कोठे गेले हे आपल्या शब्दांत उत्तम सांगू शकते. शब्द मागाहून देता येतो.

आता निधीविषयी आमची विनंती. त्यातून पहिल्याने सहा मुलांच्या एका गटास एक, अशा साहित्याच्या पेट्या घ्याव्या: भिंगे, चुंबके, तापमापके, ताणकाटे, सेल, बल्ब, तारा, परीक्षानळ्या व एक चांगला तराजू. दुसऱ्याने, अभ्यासिकेत शिकविणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींना ही पद्धत शिकविण्याची सोय करावी. मार्गदर्शनासाठी खाडीपलीकडील केंद्राकडे आम्ही स्वतः विनंती करू. आणि तिसऱ्याने स्मार्ट बोर्ड अवश्य घ्यावा. परंतु आठवड्यातून एक सायंकाळ अशी ठेवावी, की जिच्यात बोर्ड शेवटच्या पंधरा मिनिटांतच लागेल. शिक्षकांनी 'मला ठाऊक नाही, आपण मिळून पाहू' असे म्हणण्यास संकोच करू नये. पालकांनी, मुलाने खाडीचे पाणी ताटलीत वाळत ठेवले असता, 'पसारा काढ' म्हणण्यापूर्वी किती मीठ उरले ते पाहावे.

ज्या प्रभूने बाराव्या वर्षी गुरुजनांत बसून प्रश्न विचारले, तो आपल्या मुलांची बुद्धी जागी ठेवो, त्यांच्या शिक्षकांना धीर देवो, व ह्या महोत्सवाची देणगी त्यांच्या हातांत फलद्रूप करो. त्याची कृपा व शांती आपणां सर्वांबरोबर सदैव असो. आमेन.